चोख्खी हवा

रोज सकाळी बायका शेडच्या दाराशी थांबायच्या आणि वेलजीमामा एकटे मशीनघरात जायचे. कॉम्प्रेसरभोवती, पाइपांखालून, मिठाच्या पाण्याच्या टाकीच्या कडेकडेने ते सावकाश फिरायचे. डोळे अर्धवट मिटलेले, मान जराशी वर. मधेमधे थांबून हुंगायचे. मग दारात येऊन एकच शब्द म्हणायचे, "चोख्खी."

म्हणजे हवा चोख आहे, गॅस कुठे गळत नाही. त्यानंतरच बायका आत जाऊन मासळीच्या पेट्यांत बर्फ भरायला बसायच्या. मशीनघर आणि शेड यांच्यामध्ये भिंत होती, पण बर्फाच्या लाद्या सरकवायला त्या भिंतीत एक मोठी खिडकी ठेवलेली होती, आणि बर्फ गोठवायच्या अमोनिया गॅसला तेवढी वाट पुष्कळ होती. भिंतीवर गळतीचा भोंगाही होता. पावसाळ्यात तो उगाच वाजायचा म्हणून धनसुखशेठनी कधीच त्याची वायर काढून टाकली होती. "वेलजीभाईचं नाक असताना हे डबडं कशाला?" असं शेठ आल्यागेल्याला सांगायचे. मामांना ते ऐकायला आवडायचं.

माझी बा, म्हणजे आई, त्याच शेडमध्ये काम करायची. भावाने चोख्खी म्हटल्याशिवाय तिने कधी उंबरा ओलांडला नाही, आणि त्याने म्हटल्यावर कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या वर्षी टाळेबंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, बोटी रंगवून तयार झाल्या आणि इतके महिने थंड पडलेली मशीनं एकदम दिवसरात्र चालू लागली. माझी राजकोटची प्रयोगशाळेतली नोकरी तोवर गेली होती. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली पोरगी घरी रिकामी बसली आहे हे कळल्यावर शेठनी मला कारखान्याच्या फाटकावर बसवलं. येणाऱ्याच्या कपाळावर बंदूक रोखून ताप बघायचा, हातावर सॅनिटायझर ओतायचं आणि नाकातोंडावर मास्क आहे की नाही ते पाहायचं. कुणाला कोरोना निघाला असता तर ऐन हंगामात कारखान्याला सील लागलं असतं.

आठवडाभरात मी सगळ्यांना नकोशी झाले.

"आली बघा नाकाच्या लंगोटाची इन्स्पेक्टर," पुरीबेन म्हणायची. ती शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, गालात सदा तंबाखू. "ए हेतल, थुंकायचं कुठे? ह्याच्यातच?"

"तंबाखू सोडा मग."

"नवरा सुटला, पण तंबाखू नाही सुटली. तू काय सोडवणार?"

बायकांचा वैताग खोटा नव्हता. शेडमध्ये सगळीकडे पाणी. बर्फ वितळत असतो, मासळी धुवत असतात, मास्क बघता बघता ओला होऊन नाकाला चिकटतो. इलॅस्टिकने कानामागची कातडी सोलवटलेली, त्यावर मिठाचं पाणी. चष्मेवालीला समोरचा सुरा धड दिसत नाही. श्वासाची वाफ मास्कच्या वरच्या कडेने डोळ्यांत जाते आणि डोळे चुरचुरतात. माझेही चुरचुरायचे. फाटकावर नाकाशी असलेला मास्क शेडपर्यंत जाईतो हनुवटीवर आलेला असायचा. मी ओरडले की वर, पाठ फिरवली की खाली.

मामांनी तर लावायलाच नकार दिला.

"नाक बांधून गॅस कसा हुंगू? उद्या म्हणशील, डोळ्यांना पट्टी बांधून ट्रक चालवा."

"मामा, मास्क थेंब अडवतो, वायू नाही अडवत. अमोनियाचा रेणू इतका लहान असतो की कापडाच्या विणीतून आरामात जातो."

"तू पाहिलास रेणू?"

"नाही."

"मी गॅस खाल्लाय."

बायका खदखदल्या. मग मी प्रयोगच करून दाखवला. सामानाच्या खोलीत अमोनियाच्या पाण्याची एक लहान बाटली होती. सगळ्यांदेखत मी मास्क नीट चढवला, बूच काढलं आणि हाताने वारा घेतला. कळ नाकातून थेट डोक्यात गेली. मी मान झटकली. मामांनीही मास्क लावून बाटलीवर नाक धरलं आणि झटक्यात मागे सरले.

"येतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरा पडला होता. "येतो वास."

ओलं कापड थोडा गॅस पिऊन घेतं, एवढी त्यांची शंका खरी होती. म्हणून मी त्यांना दर फेरीआधी कोरडा मास्क द्यायला लागले. ते लावू लागले. मामांनी लावला म्हटल्यावर बायकांनीही निदान माझ्यासमोर तरी कुरकुर कमी केली. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

बापांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बोट 'हरसिद्धी' सगळ्यांत आधी सुटली. बापा तिचे तांडेल, बोटीवरचे मुख्य. बर्फ भरून झाल्यावर सगळे खलाशी कारखान्याच्या अंगणात चहाला बसले. अंगणात मास्क कोण लावणार, आणि चहा कसा प्यायचा मग? आमच्याकडे एक कप कधी कुणी एकटा पीत नाही. अर्धा कपात ठेवायचा, अर्धा बशीत ओतून शेजारच्यापुढे करायचा. बापांनी मामांपुढे बशी केली, मामांनी बेचर खलाशापुढे, बेचरने पुरीबेनपुढे. मी फाटकावरून ओरडले.

"अगं, उकळलेला चहा आहे," बापा म्हणाले. "सगळं मरतं त्यात." आणि माझ्यापुढे बशी धरली. "घे. वीस दिवस बाप दिसायचा नाही."

मी मास्क खाली केला आणि प्यायले.

हरसिद्धी गेली. कारखान्याच्या ऑफिसात वायरलेस होता. त्यावर अधूनमधून बापांचा आवाज यायचा, कुठे मासळी लागली, वारा कसा आहे.

काही दिवसांनी मामा सकाळी फाटकावर आले तेच करवादत.

"ह्या तुझ्या फडक्याने नाकाची वाट लावली. घरी काढून ठेवला तरी त्याचा असर जात नाही. काल तुझ्या मामीला म्हटलं, कढीत मीठ विसरलीस, हिंग विसरलीस. तर म्हणते, मास्क काढून जेवा!"

रांगेतल्या बायका हसल्या.

"माझंही तसंच झालंय," मागून कुणी म्हणालं. "काही वासच येत नाही बाई."

"बरंच आहे की," पुरीबेन म्हणाली. "तीस वर्षं सुक्या बोंबलाचा वास घेऊन घरी जाते. परवा पहिल्यांदा स्वतःच्या पदराचा वास आला नाही. मी म्हटलं, मास्कदेवा, पावलास!"

पुन्हा हशा. मीही हसले, पण बंदूक मामांच्या कपाळावर धरताना हात जरा थांबला. वास जाणं हे ह्या आजाराचं लक्षण आहे, असं मी वाचलं होतं. बंदुकीने ताप नाही असं दाखवलं. पुरीबेनलाही नाही. कुणालाच नाही. सगळे चालत होते, बोलत होते, पेट्या उचलत होते.

"मामा, तपासून घेऊ या का एकदा?"

त्यांचं हसू गेलं. "काय तपासायचंय? तूच दाखवलंस ना, मास्कमधून वास येतो म्हणून? मग आता म्हण, नाही येत. म्हण की तुझा प्रयोग चुकला."

"प्रयोग नाही चुकला."

"मग माझं नाक चुकलं?" आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे शब्द इथे बोलायचे नाहीत, पोरी. बाजूच्या गल्लीत एक जण निघाला तर सगळ्या गल्लीला पत्रे ठोकले. इथे कारखान्यावर साठ चुली चालतात."

त्या दिवशी दुपारी कोरडे मास्क ठेवायला मी सामानाच्या खोलीत गेले. मामा पाठमोरे उभे होते. मास्क एका कानाला लोंबकळत होता. त्यांनी अमोनियाची ती बाटली, बूच काढलेली, मोगऱ्याचं फूल धरावं तशी नाकाशी धरली होती. ते दीर्घ श्वास घेत होते. मागे सरत नव्हते.

मला पाहून त्यांनी बाटली खाली ठेवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"उडून गेलंय," ते म्हणाले. "पाणी राहिलंय नुसतं. बूच सैल राहिलं असेल त्या दिवशी तुझ्याकडून."

"डोळ्यांना काय झालं?"

"तुझ्या मास्कची वाफ. दुसरं काय!"

मी बाटली उचलली. मास्कवरूनच हुंगलं, कारण मास्कने फरक पडत नाही हे मीच दाखवलं होतं. काही नाही. आणखी जवळ नेली. काहीच नाही. खरंच उडून गेलं होतं. बूच माझ्याकडून सैल राहणं शक्य होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी मामांना हात जोडले.

"बघ," ते म्हणाले. त्यांनाही हलकं वाटलेलं दिसलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "तुलाही नाही ना येत? मग ठीक आहे."

त्यानंतर कारखाना तसाच चालू राहिला. रोज सकाळी चोख्खी, रोज पेट्या, रोज ट्रक. बायकांचे डोळे लाल असायचे. मास्कला शिव्या घालत त्या ओल्या पदराने ते पुसायच्या. एक-दोघी खोकत होत्या. मास्कने घसा कोरडा पडतो, असं ठरलं होतं. मशीनघराच्या जाळीत बसणारी कबुतरं आता फाटकाच्या भिंतीवर येऊन बसत. मी त्यांना हाकलायचे, कारण ती माझ्या टेबलावर घाण करायची.

मग एका सकाळी बाने सॅनिटायझरसाठी हात पुढे केला. तिच्या मनगटात सांधेदुखीसाठी घातलेलं तांब्याचं कडं होतं. कड्याच्या आतल्या बाजूने आणि मनगटावर गडद निळा डाग होता.

"हे काय?"

"घामाने होतं ते. दरवर्षी नाही का हिरवं होत?"

"हिरवं नाही बा. निळं आहे."

"हिरवं-निळं सारखंच. ओत लवकर, माझ्यामागे रांग आहे."

तो निळा मी ओळखत होते. कॉलेजात मोरचुदाच्या पाण्यात अमोनियाचा एकेक थेंब टाकला की तळापासून चढत जायचा, शाईपेक्षा गडद. तांबं, पाणी आणि अमोनिया एकत्र आल्यावर येणारा. घामाने तो येत नाही.

"बा, जरा थांब."

पण तेवढ्यात शेडच्या दारातून आवाज आला, "चोख्खी." बाने हात सोडवून घेतला, पदर खोचला आणि आत गेली. तिच्यामागे सगळ्या गेल्या.

मी फाटक तसंच टाकून मशीनघरात धावले. मामांच्या कपाटात गंधकाच्या कांड्या होत्या. मी शाळेत असताना मामांनी एकदा त्यातली एक पेटवून दाखवली होती. गंधकाचा धूर अमोनियाला भेटला की पांढरा होतो. पुढे त्यांचं नाक इतकं नावाजलं गेलं की कांड्या कुणी बाहेर काढल्या नाहीत.

"काय करतेस?" मामा मागे येऊन उभे राहिले.

"नुसतं बघते."

"मी आत्ता बघून आलोय."

मी कांडी पेटवली. निळी, बारीक ज्योत. पाइपांच्या कडेने ती नेत गेले. कॉम्प्रेसरपाशी धूर होता तसाच, विरळ. टाकीपाशी तसाच. खिडकीजवळच्या मोठ्या व्हॉल्व्हपाशी आले आणि धूर पांढरा झाला. मग दाट झाला. दुधासारखा घट्ट होऊन तो व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती फिरला आणि खिडकीतून शेडकडे वाहू लागला.

आपल्याला वास का येत नाही, हे मला पटकन सुचलं नाही. मास्क ओला झाला असेल म्हणून मी तो काढला आणि श्वास घेतला. काही नाही. मग लक्षात आलं की माझ्या हातात गंधक जळतोय. जळत्या गंधकाने माणूस शिंकून बेजार होतो. मला त्याचाही वास येत नव्हता.

बाटलीतलं काही उडून गेलं नव्हतं.

"मामा," मी म्हटलं. "तुम्हाला येतोय?"

ते धुराकडे बघत होते.

"कधीपासून?"

"तुझा बाप बोट घेऊन गेला, त्यानंतर लगेच."

"आणि रोज चोख्खी म्हणत होता?"

"मला वाटलं मास्क आहे. मग काढून पाहिला. मग वाटलं, काही येत नाही म्हणजे चोखच असेल ना? चोख हवेला कुठे वास असतो?" त्यांनी माझा दंड धरला. "तुलाही आला नाही बाटलीचा. तू शिकलेली. मी म्हटलं, हिलाही नाही म्हणजे खरंच नाही."

मी खिडकीशी गेले. पलीकडे बायका खाली बसून बर्फ ओढत होत्या.

"गॅस गळतोय! सगळ्या बाहेर या! बा, ऊठ!"

"वेलजीभाई चोख्खी म्हणाला की," पुरीबेन मान वर न करता म्हणाली.

"चुकलंय त्यांचं. हा धूर बघा."

"तूच पेटवलायस, तूच दाखवतेयस."

आणि मग त्यांनी, जे त्या सगळ्या आयुष्यभर करत आल्या होत्या, तेच केलं. मास्क खाली ओढले आणि हुंगू लागल्या. एकीने सुरुवात केली, मग शेजारचीने, मग ओळीतल्या सगळ्यांनी. छाती भरून, खोल. मान वर करून, मामा करायचे तशी.

"कुठेय वास?"

"मला नाही बाई येत."

"तुला?"

"छे."

"हुंगू नका!" मी किंचाळले. "मास्क वर घ्या, बाहेर या!"

"ठरव काय ते," पुरीबेन म्हणाली आणि खोकली. "वास नाही तरी बाहेर या, वास नाही तरी मास्क वर घ्या. हिला बंदुकीचा ताप चढलाय." बासुद्धा हसली. हसता हसता ती खोकू लागली आणि आणखी एक खोल श्वास घेतला, मला खोटं पाडायला.

माझ्या शब्दावर ती शेड रिकामी होणार नव्हती. फाटकातून शेठची जीप आत येत होती. मी मामांकडे वळले. त्यांनी जीप पाहिली होती.

"मामा, बोला."

"सील लागेल."

"मामा, ती तुमची बहीण आहे."

ते खिडकीशी आले. मास्क काढून त्यांनी मुठीत घेतला.

"मंजू, ऊठ. सगळ्या उठा. गॅस आहे."

"मघाशी तर म्हणालास..."

"माझं नाक गेलंय. कधीचं गेलंय. मी उगाच म्हणत होतो."

पुरीबेन फिसकन हसली. "अरे, मग मास्क काढून हुंग!"

"काढलाय, पुरी," मामा म्हणाले. "बघ. काढलाय."

तिने वर पाहिलं. त्यांचा उघडा चेहरा पाहिला. मग तिने हातातला बर्फ टाकला आणि पेटी ढकलत उठली. तिच्यामागे सगळ्या उठल्या. दारात एकच गर्दी झाली. बाच्या कमरेत हात घालून मी तिला बाहेर आणलं. तोवर तिला श्वास पुरत नव्हता. मामांनी ओला गमछा तोंडाला गुंडाळला, आत गेले आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करून भिंतीला धरत बाहेर आले.

अंगणात बायका एकमेकींना टेकून बसल्या होत्या. कुणी नळाखाली डोळे धरत होतं, कुणी ओकत होतं. सगळ्यांचे मास्क हनुवटीवर होते. माझ्या हातात कांडी अजून जळत होती. मी ती एकेकीच्या नाकापुढे नेली. एकेकीने मान हलवली. नाही. नाही. बाने हलवली. पुरीबेनने डोळे मिटून बराच वेळ प्रयत्न केला आणि मग हलवली. बशी जशी फिरली होती तशी कांडी फिरली.

जीपमधून उतरलेले शेठ फाटकापाशीच थबकले. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"काय रे हा वास? काय पेटवलंय? इथपर्यंत येतोय!"

सगळ्या बायका त्यांच्याकडे बघू लागल्या. शेठनी आमच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कांडीकडे पाहिलं, आणि पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

ऑफिसात वायरलेस खरखरला. बापांचा आवाज होता, लांबचा, तुटक.

"हरसिद्धी बोलतेय. वेलजी आहे का तिथे?"

मामा भिंत सोडून आत गेले. मी त्यांच्यामागे. त्यांनी माइक उचलला.

"वेलजी, मीठ कसलं भरून दिलंय रे तिथून? जेवणाला चव म्हणून नाही. मच्छी खातोय की माती, कळत नाही." ते हसले. हसण्याला धाप होती. "पोरं म्हणतात, सारखा मास्क लावून जीभच मेली. काढून टाकलेत सगळ्यांनी. आणि बेचरला जरा दम लागतोय, वारा लागला असेल. दोन दिवसांनी जाळी भरतील, मग बघू. तिकडे सगळं चोख्खं ना?"

मामांनी बटण दाबलं. दुसऱ्या मुठीत मास्क तसाच होता.

"परत फिर," ते म्हणाले. "ऐकतोयस? परत फिर."

तिकडून फक्त खरखर येत राहिली.